जलरोधक विजेरीची निगा
मोठ्या जलरोधक विजेरीत बहुधा ६ व्होल्टची घटमाला असते, तीत १.५ व्होल्टचे ४ घट एकसरीत जोडलेले असतात. पाणी आत शिरते ते बहुतकरून काचेभोवतीच्या रबरी कड्यापाशी. तेथे एखादा केस वा वाळूचा कण राहिला तरी पुरे. कडे पुसून त्यास सिलिकोन ग्रीसचा पातळ हात द्यावा. खनिज तेलाने नैसर्गिक रबर फुगते. खरा शत्रू मात्र आतच असतो. साध्या कोरड्या घटात जस्ताचे भांडे हेच ऋणाग्र असल्याने वीज देता देता ते झिजते, अखेर त्यास भोक पडून संक्षारक द्राव पाझरतो व संपर्कपट्ट्या गंजतात. ऐन पुराच्या रात्री विजेरी पेटत नाही, ती पुष्कळदा यामुळे. दीर्घकाळ वापरावयाची नसल्यास घट काढून ठेवावेत. सुटे घट घालताना जुने-नवे मिसळू नयेत. दुबळा घट उलट भारित होऊन हायड्रोजन सोडतो, आणि बंदिस्त पेटीत तो कोंडल्यास स्फोटाचा संभव असतो.