ड्रायरच्या ब्लोअरचं बेअरिंग का जळतं? ग्रीस किती भरावं, गार कसं ठेवावं?

वाशीम : परतीच्या पावसात सोयाबीन भिजलं की ड्रायरवर गर्दी होते. हमीभावाने विकायचं तर ओलावा साधारण १२ टक्क्यांच्या आत लागतो. नेमकं तेव्हाच गरम हवेच्या ब्लोअरचं बेअरिंग जाम झालं, तर अख्खा ड्रायर बंद पडतो आणि ओल्या ढिगाला बुरशी धरते.

उष्णता येते कुठून?
पंखा भट्टीच्या आधी असेल तर तो थंड हवा ढकलतो, त्रास कमी. भट्टीनंतर असेल तर गरम हवा पंख्यातूनच जाते आणि पात्यांची उष्णता शाफ्टवरून थेट बेअरिंगपर्यंत येते. पारससारख्या कोळशावरच्या वीज केंद्रात चिमणीकडे गरम धूर ओढणाऱ्या पंख्यांनाही हाच प्रश्न असतो.

ग्रीस किती?
साधं लिथियम ग्रीस साधारण १२० अंशांपर्यंत चालतं. पण बेअरिंग ७० अंशांच्या वर गेलं, की दर १५ अंशांना ग्रीसचं आयुष्य निम्मं होतं. ७० अंशांवर १२ आठवडे टिकणारं ग्रीस १०० अंशांवर ३ आठवड्यांत संपतं. म्हणून ठासून भरणंही चूक. हाउसिंगमधली मोकळी जागा तिसरा हिस्सा ते निम्मीच भरावी. जास्त झालं तर ग्रीस घुसळून आणखी तापतं. दोन जातींचं ग्रीस मिसळू नये, काही वेळा ते पातळ होऊन गळतं.

गार कसं ठेवावं?
पंख्याचं कव्हर आणि बेअरिंग यांच्यामध्ये शाफ्टवर ॲल्युमिनियमची कूलिंग डिस्क बसवतात. ती फिरता फिरता उष्णता हवेत सोडते. ताप फारच असेल तर पाणी फिरणारं हाउसिंग लागतं. शाफ्टही तापून लांबतो. १ मीटर पोलाद १०० अंशांनी तापलं तर सुमारे १.२ मिलिमीटर वाढतं. त्यामुळे एक बेअरिंग पक्कं आणि दुसरं सरकतं ठेवतात. दोन्ही आवळून टाकली तर छर्ऱ्यांवर दाब येतो.

बंद करताना घाई नको
भट्टी विझवल्यावर हवा गार होईपर्यंत पंखा चालू ठेवावा. लगेच थांबवला तर आतली सगळी उष्णता शाफ्टमधून बेअरिंगवर येते. लाइट अचानक गेली तर जाळ लगेच कमी करून गरम हवेला बाहेर वाट द्यावी.

तापमान हात लावून पाहू नये. इन्फ्रारेड थर्मामीटरने रोज एकाच जागी मोजून वहीत लिहावं. रोजचा ६५ चा आकडा एकदम ८५ वर गेला किंवा आवाज बदलला, तर जाळ काढून, पंखा गार करून मिस्त्रीला बोलवावं. हंगाम सुरू होण्याआधीच ही तपासणी झालेली बरी.