गुड फ्रायडे आणि ‘सिपारी माई’

गुड फ्रायडे हा ख्रिस्ती समाजाचा शोकदिन. येशूच्या क्रूसावरील मृत्यूचे त्या दिवशी स्मरण होते. परंतु कॅरिबियन समुद्रातील त्रिनिदाद बेटावर याच सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी एका कॅथलिक चर्चच्या दारी हजारो हिंदू भाविक दर्शनास उभे राहतात, हे वाचून सुज्ञ वाचकांस नवल वाटेल.

बेटावर इतरत्र हा दिवस उपासनेत जातो. घरोघरी मांसाहार वर्ज्य करून मासळी शिजते. विश्वासघातकी यहूदाचे चिंध्यांचे बुजगावणे, म्हणजे ‘बोबोली’, बडविण्याचीही तेथे जुनी चाल आहे. दक्षिणेकडील सिपारिया गावी मात्र निराळेच दृश्य दिसते. तेथील चर्चमध्ये ‘ला दिविना पास्तोरा’, म्हणजे दिव्य मेंढपाळीण, या रूपातील मरियमेची सावळी मूर्ती आहे. हिंदू तिला ‘सिपारी माई’ म्हणतात.

हे नाते जडले कसे? इ. स. १८४५ ते १९१७ या काळात सुमारे १,४४,००० भारतीय मजूर करारावर त्रिनिदादला गेले. बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश व बिहारमधले, काही मद्रासकडचे. उसाच्या मळ्यांत राबणाऱ्या त्या जिवांचे कुलदैवत सातासमुद्रांपलीकडे राहिले होते. सावळ्या मूर्तीत कोणाला दुर्गा दिसली, कोणाला काली. गुड फ्रायडेला मळ्यांना सुट्टी असे, म्हणून यात्रेस हाच दिवस ठरला, असे एक कारण सांगतात.

गुरुवारी सायंकाळपासूनच भाविक येऊ लागतात. तांदूळ, तेल, फुले, मेणबत्त्या वाहतात. कोणी नवसाचा दागिना अर्पितो. लेकराचे जावळ येथेच काढले जाते आणि गोरगरिबांस दानधर्म होतो. चर्चचा स्वतःचा पास्तोरा-उत्सव ईस्टरनंतरच्या एका रविवारी, वेगळा होतो.

आम्हांस येथे दोघांचेही मोल वाटते. परमुलुखात सर्वस्व हरपलेल्यांनी आपला धर्म न सोडता परक्या देव्हाऱ्यात आई ओळखली. आणि ज्यांचा तो देव्हारा, त्यांनी आपल्या शोकाच्या दिवशीही या लेकरांसाठी दार उघडे ठेवले. आईचे दर्शन घेणाऱ्याची भक्ती थोर खरीच. पण तिच्या दारी दुसऱ्यास वाट करून देणे, हीदेखील भक्तीच होय.