दुधासारखी लघवी

बाटली वर्तमानपत्रात गुंडाळलेली होती, त्यावर प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीला घट्ट गाठ. ती टेबलावर ठेवून त्याने माझ्याकडे न बघताच विचारलं, "इथं कोणी पुरुष माणूस नाही का जी?"

तालुक्याच्या गावातल्या आमच्या लॅबमध्ये त्या सकाळी मी एकटीच होते. "लघवी तपासायचीय ना? द्या, मीच बघते," म्हटलं आणि गाठ सोडली. चंद्रपूर जिल्ह्यातला धानाचा शेतकरी, पस्तिशीचा. बाटली खिडकीच्या उजेडात धरली. पाण्यात दूध ओतावं तसा पांढरा द्रव आणि त्यात जेलीसारखी एक गुठळी.

"कधीपासून असं होतंय?"

"दोन वर्षं झाली. धातू जाते जी," तो अगदी खालच्या आवाजात म्हणाला.

त्याच्याजवळ तीन जुने रिपोर्ट होते. तिन्हींवर 'पस सेल्स भरपूर' आणि 'प्रोटीन थ्री प्लस'. त्यावर अँटिबायोटिकचे तीन कोर्स झालेले. मधल्या काळात रस्त्याकडेच्या एका तंबूत ताकदीच्या औषधांवर धानाचे बरेच पैसे गेले होते. बायकोला त्याने काही सांगितलं नव्हतं.

लघवी पांढरी होण्याची कारणं मोजकी आहेत आणि ती वेगळी करायला मोठं यंत्र लागत नाही. मी तीन टेस्ट ट्यूब स्टँडला लावल्या. पहिलीत ॲसेटिक ॲसिडचे थेंब टाकले. फॉस्फेटमुळे गढूळ झालेली लघवी त्याने लगेच निवळते. ही निवळली नाही. दुसरी सेंट्रिफ्यूजला लावली. पू असता तर तळाशी बसला असता आणि वरचं पाणी स्वच्छ झालं असतं. फिरवून काढली तरी ट्यूब वरपर्यंत पांढरीच. तळाच्या थेंबाची स्लाइड केली. लहान, गोल, गच्च केंद्रकाच्या पेशी दिसल्या. या लिम्फोसाइट. घाईत बघणाऱ्याला त्या पू-पेशी वाटतात, आणि जुन्या रिपोर्टांत तेच झालं असणार. शुक्राणू मात्र एकही नव्हता. त्याला बोलावून मी मायक्रोस्कोपमधून बघायला लावलं. "धातू असती तर इथं शेपटीवाले जंतू दिसले असते. आहेत का?" तो बराच वेळ डोळा लावून उभा राहिला.

तिसरी ट्यूब इथरची. आधी स्पिरिटचा दिवा विझवला, कारण इथर क्षणात पेट घेतं. लघवीइतकंच इथर घातलं, बूच लावून जोरात हलवलं, बूच सैल करून वाफ जाऊ दिली आणि ट्यूब उभी ठेवली. थोड्या वेळात दोन थर वेगळे झाले. वर इथर, त्यात विरघळलेली चरबी. खाली नेहमीची, पिवळसर, आरपार दिसणारी लघवी. पांढरेपणा गेला होता. म्हणजे तो पू नव्हता, धातू तर नव्हतीच. ती अन्नातली चरबी होती. पुढे लघवीतलं ट्रायग्लिसराइड मोजल्यावर तेच पक्कं झालं.

या आजाराला कायल्युरिया म्हणतात. जेवणातली बहुतेक चरबी आतड्यातून थेट रक्तात जात नाही. ती लसिकावाहिन्यांतून दुधाळ रसाच्या रूपाने वर चढते आणि मानेजवळ रक्तात मिसळते. हत्तीरोगाचे जंत या वाहिन्यांतच घर करतात. वर्षानुवर्षांच्या सुजेने वाहिन्या फुगतात, आतला दाब वाढतो आणि मूत्रपिंडाजवळ कुठेतरी त्या फुटून लघवीच्या मार्गात उघडतात. म्हणून मी त्याला विचारलं, "लग्नाची पंगत किंवा मटण झालं की जास्त होते का?" त्याने चमकून वर पाहिलं. "हो जी! पण तुम्हाला कसं माहीत?"

हत्तीरोग म्हटलं की आपल्याला सुजलेला पाय आठवतो. पण शास्त्राला या जंताची पिल्लं पहिल्यांदा पायात सापडली नाहीत. १८६३ साली पॅरिसमध्ये देमार्के यांना ती अंडवृद्धीच्या पाण्यात दिसली. १८६६ साली ब्राझीलमधल्या बाहियात वुखरर यांना दुधाळ लघवीत दिसली. तशीच लघवी तपासता तपासता टिमथी लुईस यांनी १८७२ मध्ये कलकत्त्यात ती माणसाच्या रक्तात असल्याचं दाखवलं. पुरुषांत मोठे जंत बहुतेकदा वृषणाजवळच्या लसिकावाहिन्यांत राहतात. तिथली सोनोग्राफी केली तर पडद्यावर त्यांची अखंड वळवळ दिसते. डॉक्टर तिला 'फायलेरिया डान्स' म्हणतात.

जंताची पिल्लं रक्तात रात्री उतरतात, साधारण दहा ते दोनच्या दरम्यान. त्यामुळे रक्तही रात्रीच घ्यावं लागतं. या शेतकऱ्याचं घेतलं तेव्हा काही मिळालं नाही, आणि त्याचं मला नवल वाटलं नाही. जंत मरून गेले तरी फाटलेली वाहिनी गळतच राहते. रात्रीचा रिपोर्ट निल आला म्हणून हा आजार नाही असं म्हणता येत नाही.

पुढचं काम नागपूरच्या मूत्रविकारतज्ज्ञांनी केलं. तुपाचं जेवण देऊन दुर्बिणीने मूत्राशयात पाहिलं तेव्हा डाव्या मूत्रवाहिनीच्या तोंडातून दुधाळ धार येत होती, उजवीकडून स्वच्छ. त्या बाजूने नळी घालून पातळ केलेलं पोव्हिडोन आयोडीन वर सोडलं. त्याने गळकी तोंडं बंद होतात. काहींना हे पुन्हा करावं लागतं. सोबत तेल-तूप कमी करायचं. खोबरेल मात्र चालतं, कारण त्यातली काही चरबी लसिकेची वाट न धरता थेट यकृताकडे जाते.

चार महिन्यांनी तो पुन्हा आला. बाटली हातात उघडीच होती, कागद नाही, पिशवी नाही. सोबत बायको. लघवी स्वच्छ होती.

तीन रिपोर्ट, तीन कोर्स आणि दोन वर्षं. यातला बराचसा काळ आजाराने नाही, लाजेने खाल्ला. उरलेला आमच्या धंद्यातल्या घाईने. पट्टी बुडवायची, आकडा लिहायचा आणि नमुना ओतून द्यायचा, असं करताना बाटली उजेडात धरून बघायचं राहून जातं. सुरुवातीच्या वर्षांत मीही 'गढूळ' एवढंच लिहून असे नमुने पुढे पाठवले आहेत. त्यातले किती जण तंबूत गेले असतील, या विचाराने आजही वाईट वाटतं.

पूर्व विदर्भात डास आहेत, हत्तीरोगही आहे. म्हणून सांगते. लघवी दुधासारखी दिसली तर सकाळची पहिली लघवी काचेच्या स्वच्छ बाटलीत घ्या, आदल्या रात्री काय खाल्लं ते लक्षात ठेवा आणि दोन्ही गोष्टी डॉक्टरांना सांगा. वृषणाची पिशवी सुजली असेल तर तीही दाखवा. हत्तीरोगाच्या गोळ्या घेऊन आशाताई दारात आल्या की त्या खिशात ठेवू नका, त्यांच्यासमोरच गिळा. आणि लॅबमध्ये बाई बसलेली दिसली म्हणून परत फिरू नका.