घरांतील संगणक : डागडुजी कीं नवी उभारणी ?

जुना वाडा ज्यांच्या वांट्यास आला आहे, त्यांच्यापुढें एक प्रश्न केव्हां ना केव्हां उभा राहतोच : दोन वासे बदलून व भिंतींस गिलावा देऊन आहे तेंच घर नांदतें ठेवावें, कीं सामान बाहेर काढून पायापासून नवें बांधावें ? आज हाच प्रश्न पुष्कळ सुशिक्षित कुटुंबांत घरच्या संगणकाविषयीं निघत आहे. विंडोज १० या ऑपरेटिंग सिस्टिमची नेहमींची मोफत देखभाल मायक्रोसॉफ्टनें १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं बंद केली. ज्यांनीं अद्याप विंडोज ११ घेतलेली नाहीं, त्यांना ती चालत्या संसारावरच चढवावयाची, कीं डिस्क पुसून सारें नव्यानें मांडावयाचें, हें ठरवावें लागतें. हा विषय तरुण मुलांचा, असें म्हणून वडील माणसें त्यांतून अंग काढून घेतात. तसें करणें इष्ट नव्हे, हें सांगण्यासाठींच हा लेख आहे.

प्रथम दोन्ही मार्गांतील भेद पाहूं. पहिल्या मार्गांत नवी प्रणाली जुन्या प्रणालीच्या जागीं येते. आपल्या फायली, बसविलेले प्रोग्रॅम, फॉन्ट, प्रिंटरची जोडणी हीं सारीं बहुधा जेथल्या तेथें राहतात. जुनी प्रणाली कांहीं काळ बाजूस ठेविली जाते, आणि नवी न मानवल्यास १० दिवसांच्या आंत मागें फिरतां येतें. दुसऱ्या मार्गांत निदान ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर सर्व सामग्री घेऊन त्यावरून संगणक चालू करावयाचा, प्रणाली जेथें असते तो विभाग पुसावयाचा आणि सारें नव्यानें बसवावयाचें. येथें मागें फिरणें नाहीं. दोन्ही मार्गांसाठीं यंत्र मात्र पात्र असावें लागतें : ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण, टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि मान्य यादींतील प्रोसेसर, या विंडोज ११ च्या प्रमुख अटी होत.

मग कोणता मार्ग केव्हां धरावा ? वैद्य आधीं निदान करतो व मग औषध देतो. तोच क्रम येथें पाळावा. संगणक मंद झाला एवढ्यावरून तो पुसण्याचा निर्णय घेऊं नये. आंत जुन्या धर्तीची फिरती हार्ड डिस्क असेल, तर प्रणाली कितीहि वेळां नवी घातली तरी मंदपणा फारसा जाणार नाहीं. तेथें एसएसडी बसविणें हाच उपाय. संगणक सुरू होतांच दहा प्रोग्रॅम आपोआप उठत असतील, तर ते टास्क मॅनेजरमधून थांबविल्यानें पुष्कळदां काम भागतें. प्रणाली निरोगी असेल तर पहिला मार्गच पुरेसा आहे. उलटपक्षीं व्हायरस शिरल्याचा सबळ संशय असेल, अपडेट वारंवार अर्ध्यावर अडत असेल, किंवा यंत्र दुसऱ्याचें वापरलेलें विकत घेतलें असेल, तर दुसराच मार्ग श्रेयस्कर. किडलेल्या तुळईवर नवा मजला चढवूं नये.

आतां आमच्या घरचा अनुभव सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं एका रविवारीं आमच्या पुतण्यानें घरचा संगणक पुसून विंडोज १० नव्यानें बसविली. मुलगा जबाबदार, त्यानें सर्वांच्या फायली आधीं दुसऱ्या विभागांत हलविल्या होत्या. संध्याकाळीं यंत्र चपळ झालेलें पाहून सर्वांनीं त्याचें कौतुक केलें. चार दिवसांनीं थोरल्या वहिनींनीं एक जुनी फाईल उघडली. आमच्या आईच्या तोंडून ऐकून उतरवून घेतलेल्या ओव्या आणि कुळाचाराचीं टिपणें तींत होतीं. फाईल जागच्या जागीं होती. अक्षरें मात्र मराठी नव्हतीं. इंग्रजी अक्षरें आणि चिन्हें यांची अर्थहीन रास पडद्यावर दिसत होती. आई तर हयात नव्हती. पुन्हां विचारणार कोणाला? वहिनी कांहीं बोलल्या नाहींत. पुतण्या मात्र त्या रात्रीं जेवला नाहीं.

कारण मागाहून कळलें. युनिकोड घरोघर रूढ होण्यापूर्वीं मराठी लिहिण्याचे अनेक फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागीं मराठी आकार बसवून चालत. फाईलींत सांठे ती इंग्रजी खूणच. ती मराठी दाखविण्याचें काम फॉन्ट करी. पुतण्यानें फायली जपल्या, फॉन्ट जपला नाहीं. कारण असा कांहीं फॉन्ट घरांत आहे हेंच कोणाच्या ध्यानांत नव्हतें. सुदैवानें आमच्या भगिनीच्या घरीं अडगळींत पडलेल्या संगणकांत तोच फॉन्ट सांपडला आणि अक्षरें परत आलीं. मग सारा मजकूर युनिकोडमध्यें उतरवून त्याची एक छापील प्रतहि करून ठेविली.

यावरून तीन गोष्टी आम्ही शिकलों. पहिली ही कीं, घरांतील प्रत्येक माणसास जवळ बसवून तो संगणकावर काय काय उघडतो हें विचारावें, आणि फायलींबरोबरच त्या ज्या प्रोग्रॅमनें व फॉन्टनें उघडतात त्यांचीहि यादी करावी. दुसरी, सर्व फायलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी आणि ती दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहावी. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे दोन्ही फोल्डर बहुधा सी विभागांतच असतात, हें विसरूं नये. तिसरी, डिस्कला बिटलॉकरचें कुलूप असेल तर त्याची ४८ अंकी किल्ली कागदावर उतरवून कपाटांत ठेवावी.

विंडोज ११ घेण्याची वेळ आली तेव्हां पुतण्यानें पहिला मार्ग पत्करला. यंत्र निरोगी होतें, पुसण्याचें कारण नव्हतें. तरीहि आरंभ करण्यापूर्वीं त्यानें कागद-पेन्सिल घेतली, थोरल्या वहिनींना शेजारीं बसविलें आणि विचारलें, "काकू, तुमचें यांत काय काय आहे तें आधीं सांगा." यादी करण्यांत दोन तास गेले. ते व्यर्थ गेले असें घरांत कोणीहि म्हटलें नाहीं.