भाडेकरूंनी राखलेलं ओक पार्क

शिकागोतून ग्रीन लाइनची गाडी पश्चिमेला निघते आणि ऑस्टिन बुलेव्हार्ड ओलांडून ओक पार्कमध्ये शिरते. पर्यटक इथे येतात ते वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइटची घरं पाहायला. १८८९ साली त्याने स्वतःचं घर इथेच बांधलं. त्याचं युनिटी टेम्पल २०१९ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेलं. लेखक हेमिंग्वेचा जन्मही इथलाच. पन्नासेक हजार वस्तीच्या उपनगराला मिरवायला एवढं पुरेसं आहे. मला मात्र या गावाचा मोठा पराक्रम विटांच्या तीन मजली इमारतींतल्या भाड्याच्या फ्लॅटांत दिसतो.

१९५० साली पर्सी ज्युलियन या कृष्णवर्णीय रसायनशास्त्रज्ञाने इथे घर घेतलं. काचबिंदूवरचं औषध प्रयोगशाळेत तयार करून नाव कमावलेला माणूस! पण कुटुंब राहायला येण्याआधीच कुणीतरी घर पेटवायचा प्रयत्न केला. पुढच्या वर्षी डायनामाइट फेकलं. पुढे साठच्या दशकाअखेरीस शिकागोच्या शेजारच्या ऑस्टिन वस्तीत घरांच्या दलालांचा धंदा तेजीत आला. वस्तीत काळे येताहेत, भाव पडायच्या आत विका, अशी भीती गोऱ्या मालकांना घालायची, घर पडत्या भावात घ्यायचं आणि तेच कृष्णवर्णीय कुटुंबाच्या गळ्यात चढ्या भावाने मारायचं. काही वर्षांत अख्खी वस्ती पालटली. पुढचा नंबर ओक पार्कचा, हे सगळे धरून चालले होते.

गावाने १९६८ मध्ये घरं विकताना आणि भाड्याने देताना भेदभाव करण्यावर बंदी घातली. ‘विकणे आहे’च्या पाट्याही बंद केल्या, कारण एकाच गल्लीत चार पाट्या दिसल्या की पाचवा घाबरून विकायला काढतो. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या एका गावाची अशी बंदी घटनाबाह्य ठरवली, तरी इथले दलाल आपखुशीने पाट्या लावत नाहीत.

खरी युक्ती मात्र १९७२ मध्ये रॉबर्टा रेमंड यांनी काढलेल्या हाउसिंग सेंटरची. बंगला विकला जातो वर्षानुवर्षांनी. भाड्याचा फ्लॅट दर एक-दोन वर्षांनी रिकामा होतो. म्हणजे वस्ती आधी पालटते ती भाड्याच्या इमारतींत, आणि सावरायचीही तिथूनच. सेंटरमध्ये घर शोधायला आलेल्या गोऱ्या माणसाला ऑस्टिनला लागून असलेल्या पूर्वेकडच्या इमारती आवर्जून दाखवायच्या, कृष्णवर्णीयाला पश्चिमेकडच्या. सक्ती नाही, आग्रह तेवढा. पुढे गावाने इमारतमालकांना दुरुस्तीसाठी पैशाची मदत देऊ केली आणि बदल्यात रिकामे फ्लॅट सेंटरमार्फत भरायला लावले.

माणसाचा रंग पाहून घर सुचवायचं, हे ऐकायला बरं वाटत नाही, आणि त्यावर टीकाही झाली. पण दलालही रंगच पाहत होते, फक्त उलट्या हेतूने. आज गावात कृष्णवर्णीय पाचव्या हिश्श्याच्या आसपास आहेत आणि ते एकाच कोपऱ्यात कोंडलेले नाहीत. त्यामुळे मला तरी हा सौदा पटतो.

शिकागोकडे येणारी मराठी कुटुंबं बहुधा नेपरव्हिल, शॉमबर्ग अशा उपनगरांकडे वळतात. ओक पार्कमध्ये भाड्याने राहायचं तर जुन्या इमारतींची सवय करून घ्यावी लागते. तळघरातला एकच बॉयलर सगळ्या इमारतीला ऊब देतो, म्हणून हीटिंगचा खर्च बहुतेकदा भाड्यातच येतो. पण उष्णता आपल्या हातात नसते. जानेवारीत रेडिएटर तापून खिडकी उघडायची वेळ येते. १९७८ पूर्वीच्या घरात रंगात शिसं असू शकतं. त्याची माहिती मालकाने करारापूर्वी द्यावी, असा देशाचाच कायदा आहे. गाडी असेल तर फ्लॅटआधी पार्किंगची चौकशी करा: परवान्याशिवाय रात्री रस्त्यावर गाडी ठेवता येत नाही, आणि या इमारती बांधल्या तेव्हा घरटी गाडी कुणाच्या हिशेबात नव्हती.

रंगाची भिंत बरीच खाली आली, आता उभी आहे ती पैशाची. घरपट्टी जबर, आणि ती शेवटी भाडेकरूच्याच खिशातून जाते. भाड्याला कमाल मर्यादा घालावी म्हटलं, तर इलिनॉयच्या १९९७ च्या कायद्याने गावांचा तो अधिकारच काढून घेतला आहे.