छप्पर आणि तक्तपोशी यांचा सांधा

पावसाळ्यांत भिंतीच्या माथ्याशीं ओल दिसूं लागली कीं आपण गवंड्यास बोल लावतों. परंतु पुष्कळदां ती चूक पहिली वीट बसण्यापूर्वीं, नकाशांतच झालेली असते. छप्पर, तक्तपोशी व भिंत जेथें एकत्र येतात, तेथें कोणता थर पुढें जावा व कोणता थांबावा हें अगोदर ठरवावें लागतें. हल्लीं हें काम संगणकावर होतें. तें कसें, याचा आम्ही येथें थोडक्यांत विचार करणार आहों.

घरांचे नकाशे करण्याची रेव्हिट नांवाची संगणकप्रणाली २००० सालीं निघाली व २००२ सालीं ऑटोडेस्क कंपनीनें ती विकत घेतली. तींत छप्पर म्हणजे नुसती रेघ नसून थरांचा समूह असतो. प्रत्येक थराचें द्रव्य, जाडी व कार्य सांगावें लागतें आणि कार्याप्रमाणें त्यास मान मिळतो. भार वाहणाऱ्या थराचा क्रमांक १, दुसऱ्या थरास आधार देणाऱ्याचा २, उष्णता अडविणाऱ्याचा ३, बाहेरच्या लेपाचा ४ व आंतल्या लेपाचा ५. ओल अडविणाऱ्या पडद्यास बहुधा जाडीच देत नाहींत. म्हणून त्यास क्रमांकही नाहीं.

उतरतें छप्पर वळचणीशीं तक्तपोशीस मिळालें म्हणजे दोहोंस जोडण्याची आज्ञा द्यावी लागते. मग लहान क्रमांकाचा थर पुढें जातो व मोठ्या क्रमांकाचा त्यास वाट देतो. द्रव्य एकच असेल तर मधली रेघ पुसली जाते. एकमेकांत शिरलेला भाग दोनदां मोजला जात नाहीं, त्यामुळें मालाचा हिशेब फुगत नाहीं.

तथापि संगणक क्रमांक जाणतो, पाऊस जाणत नाहीं. पहिल्या क्रमांकाचें काँक्रीट तिसऱ्या क्रमांकाचा थर तोडून गेलें, तर नकाशा सुबक दिसतो. पण त्या खंडांतून उन्हाळ्यांत उष्णता आंत येते आणि थंड देशांत तेथेंच वाफेचें पाणी होऊन बुरशी धरते. पडद्याचें एक टोक दुसऱ्यावर किती चढवावें, हेंही ती एकटी रेघ सांगत नाहीं. याकरितां सांध्याचा मोठ्या मापाचा निराळा नकाशा काढावाच लागतो.

विद्यार्थीमित्रहो, याची एक सोपी परीक्षा आहे. नकाशावर ओल अडविणाऱ्या थरावरून पेन्सिल फिरवीत भिंतीपासून छपरापर्यंत जावें; नंतर उष्णता अडविणाऱ्या थरावरूनही तसेंच करावें. पेन्सिल जेथें उचलावी लागेल, तेथें सांधा तुटला असें समजावें. घर बांधूं इच्छिणाऱ्या पालकांनींही ही परीक्षा अवश्य करावी. कागदावरची रेघ खोडतां येते. भिंतींत मुरलेली ओल सहजासहजीं जात नाहीं.