मोठा मायनस नंबर आणि तिरळा डोळा

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं, ‘लेझरने चष्मा घालवला की तिरळेपणाही जाईल का?’ मी डॉक्टर नाही, निवृत्त फौजी आहे. पण घरात हे दुखणं जवळून पाहिलं, म्हणून सांगतो. मोठ्या मायनस नंबरच्या तिरळेपणात तसं सहसा होत नाही.

आधी मूळ समजून घेऊ. मोठ्या माणसाचा डोळा पुढून मागे साधारण 24 मिलिमीटर असतो. ही लांबी एक मिलिमीटर वाढली, की मायनस नंबर सुमारे अडीच-तीनने वाढतो. काहींचा डोळा 30 मिलिमीटरच्याही पुढे जातो. लेझर फक्त पुढच्या पारदर्शक पडद्याचा आकार बदलतं. नंबर फार मोठा असेल तर आत लेन्स बसवतात. दोन्हींत डोळ्याची लांबी तेवढीच राहते. म्हणून चष्मा गेला तरी मागच्या पडद्याची तपासणी सुटत नाही.

आता तिरळेपणा. डोळा हलवणारे सहा स्नायू असतात. तंबू जसा चहूबाजूंच्या दोऱ्यांनी ताठ राहतो, तसा डोळा या स्नायूंमुळे जागेवर राहतो. फार लांबलेल्या डोळ्याचा मागचा भाग वरच्या आणि बाहेरच्या स्नायूंमधल्या फटीतून बाहेर सरकतो. मग वरचा स्नायू नाकाकडे ढळतो, बाहेरचा खाली घसरतो. डोळा आत आणि खाली वळतो. याला ‘हेवी आय सिंड्रोम’ म्हणतात, पण कारण वजन नाही, घसरलेले स्नायू आहेत.

इंदूरला असणाऱ्या माझ्या थोरल्या बहिणीचा नंबर मायनस 18. जिना उतरताना तिला एकाच्या दोन पायऱ्या दिसायच्या. एका ठिकाणी ‘वय झालं’ म्हणून परत पाठवलं, त्यात दीड वर्ष गेलं. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी डोळ्याच्या खोबणीचा एमआरआय केला आणि स्नायू घसरल्याचं स्पष्ट दिसलं.

नेहमीच्या ऑपरेशनमध्ये आतला स्नायू सैल करतात आणि बाहेरचा आखूड करतात. इथे तेवढं बहुधा पुरत नाही, कारण स्नायूची वाटच चुकलेली असते. जपानचे नेत्रतज्ज्ञ योकोयामा यांच्या पद्धतीत वरचा आणि बाहेरचा स्नायू मागच्या बाजूला टाक्याने एकमेकांजवळ बांधतात. ती फट मिटते आणि डोळा आत ढकलला जातो. आतला स्नायू फार आखडला असेल तर तोही सैल करतात. ताईचा डोळा मध्यावर आला, जिना एकच दिसू लागला. चष्मा मात्र तोच राहिला.

तेव्हा डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा. डोळ्याची लांबी किती? एमआरआय लागेल का? मागचा पडदा ठीक आहे का? लेझर करायचं असेल, तर लपलेला तिरळेपणा आहे का हे आधी तपासून घ्या, नाहीतर नंतर एकाचे दोन दिसू शकतात. आणि लहान मूल तिरळं पाहत असेल, तर ‘मोठेपणी बघू’ म्हणू नका. न वापरलेला डोळा आळशी होतो, आणि वय वाढेल तसं त्याची नजर परत आणणं अवघड होत जातं.

तुमचे प्रश्न पाठवा. पुढच्या भागात भेटू. जय हिंद!